फ्लॅश गेलं, आता कोणती भाषा शिकू?

पत्र थोडक्यात: कुडाळ तालुक्यातल्या एका वाचकांचं हे पत्र. वय ४५. २००३ मध्ये दादरला मल्टिमीडियाचा कोर्स केला, आधी डायरेक्टर हा मल्टिमीडिया बनवायचा प्रोग्राम आणि त्याची भाषा लिंगो, मग फ्लॅश, म्हणजे वेबवर आणि सीडीत ॲनिमेशन चालवणारा प्रोग्राम, आणि त्याची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट. मुंबईत आठ वर्षं शाळांसाठीच्या सीडी बनवल्या. २०११ मध्ये वडील आजारी पडले म्हणून गावी आले आणि इथलेच झाले. आता लग्नाचे व्हिडिओ, बॅनर आणि चार-पाच होमस्टेंच्या वेबसाइट यावर चालतं, शिवाय घरची आंब्याची साठ कलमं आहेत. ते लिहितात, "फ्लॅश बंद झालं आणि माझी सगळी वर्षं पाण्यात गेली. आता मुलगा बारावी झालाय, त्यालाही याच लाइनीत यायचंय. कोल्हापूरच्या एका क्लासने ८५ हजार फी सांगितली. कोणी म्हणतं पायथन शिक, कोणी म्हणतं जावास्क्रिप्ट, कोणी म्हणतं काहीच शिकू नका, आता एआय लिहून देतं. पुन्हा वाहून जाणार नाही अशी भाषा कोणती, तेवढं सांगा. बायको म्हणते, कॉम्प्युटर विका आणि कलमांकडे बघा. ता. क.: कपाटात चाळीसेक सीडी पडून आहेत. त्यात २००९ मध्ये केलेलं दशावतारावरचं एक काम आहे, संकासुरावर क्लिक केलं की आमच्या गावच्या एका जुन्या कलाकाराचा आवाज येतो. ते आता नाहीत. ती फाइल आता उघडत नाही. असो."

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ताज्या कलमापासून सुरुवात केली, कारण त्या 'असो'वर मी अडून बसले होते. पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकली आहे. भाषेचं नंतर बघू, आधी संकासुराचं बघू.

ती फाइल बहुधा उघडेल. 'रफल' नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, रस्ट भाषेत लिहिलेला. फ्लॅश प्लेअर जे काम करायचा ते तो ब्राउझरमध्ये करतो, कॉम्प्युटरवर वेगळा टाकूनही चालतो. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर २०२० पासून जुने फ्लॅश खेळ आणि ॲनिमेशन पुन्हा चालताना दिसतात ते याच्याच जोरावर. तुमचं काम ॲक्शनस्क्रिप्ट २ मध्ये असेल तर बरंचसं जसंच्या तसं चालेल. ३ मध्ये असेल तर काही चालेल, काही अडेल. अडलं तरी आवाज गेला असं समजू नका. 'जेपेक्स' नावाचं फ्लॅश डीकंपायलर आहे, म्हणजे तयार फाइल उकलून आतला माल दाखवणारा प्रोग्राम, तोही मोफत. त्यात एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची तयार फाइल, उघडली की डाव्या बाजूला आतल्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते: आकृत्या, चित्रं, फ्रेम, आवाज, स्क्रिप्ट. आवाजावर जायचं आणि वेगळा काढून घ्यायचा. तुमच्याकडे एफएलए ही मूळ फाइलही असेल तर तीही जपा, कारण एसडब्ल्यूएफमध्ये आवाज दाबून लहान केलेला असतो आणि मूळ फाइलमध्ये त्याहून चांगली प्रत असू शकते. मुंबईत रेकॉर्डिंगची वेव्ह फाइल वेगळ्या सीडीवर ठेवायची सवय असेल, तर आधी तीच शोधा.

पण या सगळ्याच्या आधी सीडी. आपल्याकडच्या दमट हवेत घरी राइट केलेल्या सीडी फार टिकत नाहीत. वरचा थर सुटतो, बुरशी धरते. एकेक बाहेर काढा, मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. लेबलची बाजू खरवडू नका, माहितीचा थर त्याच बाजूला अगदी वरच असतो. एका ड्राइव्हमध्ये सीडी वाचली नाही म्हणून फेकू नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ती कधीकधी वाचली जाते. सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्याची दुसरी प्रत घराबाहेर ठेवा. हे काम मृग लागायच्या आत करा. ही काळजी मी उगाच करत नाही. आणखी एक पावसाळा त्या कपाटात गेला तर मी वर लिहिलेल्या प्रोग्रामांचा काही उपयोग उरणार नाही.

आता वर्षं पाण्यात गेली म्हणता त्याबद्दल. इथे मला तुमच्याशी वाद घालायचा आहे.

ॲक्शनस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्ट या एकाच घरातल्या भाषा आहेत. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली. १९९७ मध्ये तिचं प्रमाणरूप ठरलं, त्याचं नाव एक्मास्क्रिप्ट. ॲक्शनस्क्रिप्ट त्याच प्रमाणरूपावर बेतलेली होती. २००६ मध्ये आलेली ॲक्शनस्क्रिप्ट ३ तर जावास्क्रिप्टच्या पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यावर उभी होती, आणि तो मसुदा पुढे बारगळला. त्यामुळे तुम्ही बटणाला 'ॲड इव्हेंट लिसनर' लावून क्लिकची वाट बघायचात, ते आज ब्राउझरमध्ये त्याच नावाने होतं. व्हेरिएबलपुढे अपूर्णविराम देऊन त्याचा प्रकार लिहायचात, मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्टमध्ये तसंच लिहितात. दर फ्रेमला काहीतरी हलवायला 'एंटर फ्रेम' होतं, त्या जागी आता 'रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम' आहे. ट्वीनसाठी, म्हणजे दोन स्थितींमधली हालचाल आपोआप भरायला, तुम्ही बहुधा ट्वीनमॅक्स वापरलं असेल. ते बनवणाऱ्या ग्रीनसॉकने तीच पद्धत जावास्क्रिप्टमध्ये आणली, तिचं नाव जीसॅप, आणि २०२५ पासून ती सगळ्यांना पूर्ण मोफत आहे. एखाद्या रविवारी ते उघडून बघा. ईझ-इन, ईझ-आउट, टाइमलाइन, सगळी जुनी माणसं भेटतील.

रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधताना मूळ उपटून कोणी टाकत नाही, हे साठ कलमांच्या मालकाला मी काय सांगायचं.

मग गेलं काय? गेला तो प्लेअर. फ्लॅश एका कंपनीच्या मालकीचं होतं आणि ब्राउझरला वरून जोडावं लागायचं. त्यात सुरक्षेची भोकं निघत राहिली आणि मोबाइलवर ते जड पडायचं. आयफोनवर ते कधी आलंच नाही. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी का येणार नाही ते जाहीरपणे लिहिलं. तोवर ब्राउझरला स्वतःलाच चित्र, आवाज आणि व्हिडिओ चालवता येऊ लागले होते. ॲडोबीने २०१७ मध्ये बंद करायची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइली चालवणंच थांबवलं. डायरेक्टरची विक्री त्याआधी, २०१७ मध्येच थांबली होती. साडेतीन वर्षांची सूचना होती. ती तुमच्यापर्यंत पोचली नाही, कारण तेव्हा तुम्ही वडिलांचं बघत होतात. यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून 'वाहून न जाणारी भाषा कोणती' हा प्रश्नच मी थोडा बदलून घेते. भाषा सहसा जात नाहीत. पीएचपी ही वेबसाइटची जुनी भाषा संपली असं मी कितीदा ऐकलं, पण तुमच्या होमस्टेंच्या साइट वर्डप्रेसवर असतील तर त्या आज, या क्षणी, पीएचपीवरच चालल्या आहेत. जातो तो एकाच मालकाच्या हातात असलेला साचा. तेव्हा कुठलंही साधन हातात घेताना बघायचं ते असं: मी केलेलं काम साध्या मजकुराच्या फाइलीत राहतं का? ते चालवायला एकाच कंपनीचा प्रोग्राम लागतो की कुठलाही ब्राउझर चालतो? आणि कच्चा माल, म्हणजे मूळ आवाज, मूळ चित्रं, मूळ मजकूर, माझ्याकडे वेगळा आहे का? एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यात बसतात. पायथनही बसते. चित्रांसाठी एसव्हीजी बसतं, ती तर नोटपॅडमध्ये उघडून वाचता येणारी फाइल आहे.

तुम्हाला नाव हवं आहे, तर नाव देते. तुमच्यासाठी जावास्क्रिप्ट. पायथन नंतर, गरज पडेल तशी. आणि या दोन्हींच्या आधी एक असं साधन, जे भाषा नाही पण उद्याच पैसे वाचवेल: एफएफएमपेग. २००० मध्ये फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेलं, व्हिडिओ आणि आवाज एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारं, मोफत, कमांड लिहून चालवायचं. होमस्टेवाले तुम्हाला मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवतात, फोर-केमधला एक मिनिटाचा तुकडाच तीनशे-साडेतीनशे एमबीचा असतो. तो तसाच साइटवर टाकला की पाहुणा गोल फिरणारं चक्र बघत बसतो आणि निघून जातो. एफएफएमपेगला सांगायचं: उंची ७२० कर, सीआरएफ २८ ठेव. सीआरएफ हा दर्जाचा आकडा, मुळात २३ असतो, वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र थोडं उतरतं. आणि शेवटी 'फास्टस्टार्ट' जोडायचं. हे बहुतेक जण विसरतात. एमपी४ फाइलीत कुठे काय आहे याची सूची एरवी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे तिथवर पोचेपर्यंत व्हिडिओ सुरूच होत नाही असं घडतं. फास्टस्टार्टने सूची पुढे येते आणि तुकडा उतरत असतानाच दिसायला लागतो. आपल्याकडे घाटाच्या खाली नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, तिथे हा एक शब्द फार कामाचा आहे. चाळीस तुकडे असतील तर हीच कमांड पायथनच्या दहा ओळींत बसवा, रात्री लावून झोपा. पायथनची तुमची पहिली गरज एवढीच असेल, आणि शिकायला तेवढं कारण पुरतं.

आता एक गोष्ट, जी मला तुमच्या हातात ठेवायचीच आहे. वेबवर आपली मराठी नीट दाखवणारी माणसं कमी आहेत आणि तुमचं आयुष्य मराठी मल्टिमीडियात गेलं आहे. उदाहरण घ्या. एखाद्या होमस्टेच्या पानावर 'सिंधुदुर्ग' हे नाव टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटायला हवं आहे. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरं दिसतात: सिं, धु, दु, र्ग. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती दहा सांगते, कारण तिच्या लेखी वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, उकार वेगळे, हलन्तही वेगळा. साधा लूप लावला, म्हणजे एकेक चिन्ह ओळीने दाखवायला सांगितलं, की पडद्यावर आधी 'स' येतो, मग वेलांटी त्याच्यापुढे उडी मारून बसते. शेवटी 'सिंधुदुर', मग पाय मोडलेला 'र्', आणि एकदम 'ग' येऊन त्या र् चा रफार डोक्यावर चढतो. बघणाऱ्याला नक्की काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. उपाय भाषेतच आहे, 'इंटल सेगमेंटर' नावाची सोय. ती शब्दाचे डोळ्याला दिसणारे तुकडे करून देते. जुन्या ब्राउझरांत जोडाक्षर तरीही तुटू शकतं, तेवढं तपासून बघायचं.

तुमच्या जुन्या सीडींतही हाच गुंता दुसऱ्या रूपात भेटेल. तेव्हा फ्लॅशमध्ये युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालते ती, मराठी नीट बसत नसे, म्हणून सगळे जण जुन्या फॉन्टात टाइप करायचो आणि शेवटी 'ब्रेक अपार्ट' करून अक्षरांच्या आकृत्या करून टाकायचो. ब्रेक अपार्ट केलेला मजकूर परत मिळणार नाही, बघून पुन्हा टाइप करावा लागेल. न केलेला असेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तो कचरा नाही, जुन्या फॉन्टची मांडणी आहे. ती युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, फक्त फॉन्ट कोणता होता ते आठवावं लागेल. रफार आणि पहिली वेलांटी मात्र हाताने तपासा, तिथेच कन्व्हर्टर चुकतात.

एआयचं म्हणाल, तर वापरा. मीही वापरते. एफएफएमपेगची कमांड आठवत नसेल तर विचारा, ॲक्शनस्क्रिप्टची पन्नास ओळींची फाइल देऊन जावास्क्रिप्टमध्ये करून मागा, बऱ्यापैकी करून देतं. पण 'सिंधुदुर्ग' एकेक अक्षर उमटव म्हटल्यावर ते तो साधा लूप देऊ शकतं. पडद्याकडे बघून 'हा रफार चुकतोय' म्हणणारं माणूस लागतं, आणि का चुकतोय ते कळायला भाषा थोडी तरी यावी लागते. 'काहीच शिकू नका' हा सल्ला देणाऱ्यांचं इथे मला पटत नाही.

मुलाकडे येऊ. तुम्ही तुमचा आणि त्याचा प्रश्न एकाच वाक्यात घातला आहे, ते दोन वेगळे करा. तुम्हाला गावात राहून चार पैसे जास्त देणारं काम हवं आहे. त्याच्यापुढे चाळीस वर्षं आहेत, त्याला पाया हवा. त्याला पदवीला घाला, कॉम्प्युटरची किंवा साध्या विज्ञानाची, आणि ८५ हजार आत्ता भरू नका. निदान कर्ज काढून तर नकोच. क्लास वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण भरण्याआधी तिथे जाऊन मागच्या तुकडीतल्या मुलांनी केलेलं काम दाखवायला सांगा, चालू असलेली साइट, स्वतःच्या मोबाइलवर उघडून. सर्टिफिकेटची फाइल दाखवली तर तिथून उठा. दरम्यान तीन महिने घरी शिकू दे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मोफत आहेत, त्यातले बरेचसे मराठी आवाजात आहेत: पायथन, पीएचपी, इंकस्केप, ब्लेंडर. उतरवून ठेवता येतात, म्हणजे पावसात लाइट-नेट गेलं तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर चालतं. तीन महिन्यांनंतरही तो रात्री उशिरापर्यंत त्याच्यासमोर बसलेला दिसला, तर पुढचा विचार करा. कंटाळला तर ८५ हजार वाचले.

त्याचं पहिलं काम काय असावं तेही सांगते, आणि हे वहिनींसाठी आहे. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. कलमांकडे बघायलाच हवं. कॉम्प्युटर विकायला मात्र नको. मुलाला तुमच्याच आंब्यांचं पान करू दे. एकच पान: बागेचे तीन फोटो, डझनाचा आणि पेटीचा भाव, कधी तोड सुरू होते ती तारीख, आणि दाबलं की व्हॉट्सॲपवर ऑर्डरचा मेसेज तयार होऊन उघडेल अशी लिंक. यात डेटाबेस नको, वर्डप्रेस नको. नुसतं एचटीएमएल, थोडं सीएसएस, चिमूटभर जावास्क्रिप्ट. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात करून प्रत्येकी शंभर-दीडशे केबीच्या आत आणायचे. भाव बदलला की त्याने फाइल उघडून आकडा बदलायचा. मुंबईच्या नातेवाइकांना लिंक पाठवा. एप्रिलमध्ये दहा पेट्या जरी दलालाशिवाय गेल्या तरी वहिनींचा आणि कॉम्प्युटरचा समेट होईल.

आणि तुमचं पहिलं काम दशावतार. ते जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा उभं करा. गणपती, रिद्धीसिद्धी, संकासुर, जे पडदे तेव्हा केले होते ते सगळे. चित्रं जेपेक्समधून एसव्हीजी म्हणून काढता येतील, आवाज काढलेलाच असेल, हालचाली जीसॅपने. दोन ठिकाणी अडाल म्हणून आधीच सांगते. ब्राउझर हल्ली माणसाने एकदा क्लिक केल्याशिवाय आवाज वाजवू देत नाहीत, म्हणून सुरुवातीला 'सुरू करा' असं मोठं बटण ठेवा. आणि नेट नसलेल्या शाळेत पेनड्राइव्हवरून हे चालावं असं तुम्हाला वाटेलच, तेव्हा लक्षात ठेवा की फाइलवर डबलक्लिक करून उघडलेलं पान शेजारची माहितीची फाइल 'फेच' करू शकत नाही. संवाद आणि नावं सरळ स्क्रिप्टच्या फाइलीतच लिहा. आवाजाचा टॅग मात्र शेजारच्या फोल्डरमधली एमपी३ बिनतक्रार वाजवतो. हे एक काम तीन-चार महिन्यांत संध्याकाळी बसून झालं, की पुढच्या माणसाला 'मी हे करतो' म्हणून दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. शाळा, देवस्थानं, पर्यटनवाले, अशा कामाची गरज असलेली माणसं तुमच्या आसपासच आहेत.

एक विनंती आहे. आवाज निघाला की नेटवर टाकण्याआधी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून त्या कलाकाराच्या घरी घेऊन जा. त्यांच्या मुलांना विचारा, चालेल का म्हणून. त्यांच्याकडे बाबांचा आवाज दुसरा कुठलाच नसेल असंही असू शकतं.